कमानीपाशी थांबलेली बस

ड्रायव्हरने ब्रेक मारला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून वर बघत उभा राहिला. बसला झेंडूच्या माळा होत्या. कमानीच्या पलीकडे बेंजोवाले तयार होते. स्टेशनपाशी माझ्या हातून नारळ फुटून वीस मिनिटं झाली होती. पहिल्या सीटवर कर्णिक सर आणि त्यांची बायको, त्यांच्या मागे मी, हिरव्या पैठणीत.

"ताई, जायची नाय," ड्रायव्हर म्हणाला. "ती खालची..."

"हळू घ्या, जाईल," मी म्हणाले.

त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. त्या काळात मी कोणाचंच वाक्य पुरं होऊ देत नव्हते.

मी एकदाच नगरसेविका झाले, कळव्यातल्या आमच्या गावठाणातून. प्रभाग म्हणजे शहराचा एक तुकडा. त्यातला कुठला तुकडा महिलांसाठी राखीव, हे निवडणुकीआधी चिठ्ठ्या काढून ठरतं. आमचा निघाला. आमच्या ह्यांची तयारी कधीची चालली होती, पांढरे सदरे शिवून झाले होते. चिठ्ठी निघाली तेव्हा घरात बायका दोनच, सासूबाई आणि मी. सासूबाई म्हणाल्या, "मना नाय जमाचा." मग मी उभी राहिले.

मी वर्तकनगरच्या कॉलनीत वाढलेली, बी.कॉम. झालेली. सहा महिन्यांत माझी खात्री झाली की मी जन्मजात पुढारी आहे. लोकही तसंच म्हणायचे. त्यांची कामं असायची.

नगरसेविकेचं निम्मं काम म्हणजे अर्ज घेणं. लोक अर्ज आणतात, आपण त्यावर शेरा मारतो, म्हणजे कोपऱ्यात एक ओळ लिहून सही करतो, आणि अर्ज पुढच्या टेबलावर जातो. माझा आवडता शेरा 'तात्काळ कार्यवाही व्हावी' हा होता. व्हायचं काही नाही, पण लिहायला छान वाटायचं.

कर्णिक सर गणिताचे निवृत्त मास्तर. गावठाणाच्या मागे, मुख्य रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, नवीन कॉलनी झाली होती, तिथे राहायचे. दर मंगळवारी यायचे. 'विषय : बससेवा सुरू करणेबाबत.' अक्षर असं की मला माझ्या सहीची लाज वाटावी. मी शेरा मारायचे, ते नमस्कार करायचे, अर्ज फाइलला जायचा.

एका मंगळवारी बाईही बरोबर आल्या. आठवड्यातून तीनदा ठाण्याला डायलिसिसला जायच्या. रिक्षावाले आत यायला तयार नसत, म्हणून येताना दीड किलोमीटर चालायचं, तेही रक्त धुऊन निघालेल्या अंगाने. त्या कण्हल्या नाहीत की काही मागितलं नाही. मी पाण्याचा ग्लास पुढे केला तर म्हणाल्या, "अर्धाच द्या. मोजून प्यायचं असतं." अर्धा ग्लास त्यांनी पुरवून पुरवून प्यायला.

त्या दिवशी मी शेरा मारला नाही. अर्ज पर्समध्ये टाकला आणि हलायला लागले.

पुढची दोन वर्षं मी परिवहनच्या साहेबांच्या केबिनबाहेर डबा घेऊन बसले. सह्या गोळा केल्या, बायकांचा मोर्चा नेला, सभागृहात बोलले. शेवटी साहेब म्हणाले, रूट ट्रायल करू. नवीन मार्गावर बस सोडण्याआधी परिवहनचा माणूस तो रस्ता फिरून बघतो, वळणं आणि खड्डे तपासतो, त्याला ट्रायल म्हणतात. माणूस आला. जीप घेऊन आला. मी त्याला आमच्याकडचं जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी खायला घातली. त्याने मार्ग योग्य असल्याचा रिपोर्ट दिला. जीपसाठी तो योग्यच होता.

आता कमान. ही आमच्याकडची रीत. गावाच्या तोंडाशी रस्त्यावर कमान बांधायची आणि वर घरातल्या थोर माणसाचं नाव. आमच्या कमानीवर सासऱ्यांचं होतं. आप्पांनी उमेदीत मिठागरात काम केलं आणि नंतर गावातल्या शाळेला जागा दिली. कमान मी निवडून आल्यावर झाली, नगरसेवक निधीतून. त्याच कमानीपुढे ती बस उभी होती.

बांबू आणून माप घेतलं. बसच्या टपावर एसीचं खोकं होतं. ते धरून बस वीतभर उंच निघाली. बेंजोवाल्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग कोणाच्या तरी हळदीला निघून गेले. कर्णिक सरांनी बायकोला हात देऊन खाली उतरवलं आणि दोघं कमानीखालून चालत घरी गेली. बाईंच्या हातात कोणीतरी दिलेली झेंडूची माळ होती. मध्येच थांबून त्या कुंपणाला टेकल्या. मी पैठणीत उभी राहून बघत होते.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. पंधरा दिवसांत रस्ता मोकळा करा, नाहीतर गाडी दुसऱ्या प्रभागाला, असं सरळ सांगितलं. दुसरा प्रभाग आमच्या शेजारचाच होता. तिथल्या नगरसेवकाचा संध्याकाळी मला फोन आला. "वहिनी, तुम्ही कमान ठेवा. आप्पांचं नाव आहे, हात लावू नका. बस आम्ही घेतो." फार मायेने बोलला.

घरी भावकी जमली. चुलत दीर, मोठे दीर, एक वकील भाचा. कमान तोडायची म्हणजे आप्पांचा अपमान, यावर सगळ्यांचं एकमत झालं, कारण पहिलं वाक्य मीच बोलले होते. भावकीची मतं जवळजवळ निम्मा प्रभाग होती आणि निवडणूक वर्षावर आली होती. हे काहीतरी सांगायला लागले. मी म्हणाले, आप्पांच्या कमानीबद्दल एक शब्द नको. ते उठून गायीला वैरण घालायला गेले.

कमान राहिली तर रस्ता खाली न्यायचा, हा माझा पुढचा शोध. पालिकेच्या ज्युनियर इंजिनियरला जागेवर आणलं. त्याने आधी रस्ता बघितला, मग वर कमान बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, रस्ता खणला तर भरतीला खाडीचं पाणी इथे येऊन बसेल," तो म्हणाला. "मग बस नको, होडी मागा. पण मी काय म्हणतो, ती वरची..."

"वरचं सोडा," मी म्हणाले.

पंधरातले नऊ दिवस असे गेले. दहावा दिवस मंगळवार होता. कर्णिक सर आले. मी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते. त्यांनी नमस्कार केला, अर्ज टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसले. नेहमी उभे असायचे.

'विषय : कमानीखालील पाटी काढणेबाबत. महोदया, कमानीचे माप मी दोरी व ओळंबा लावून घेतले आहे. कै. आप्पांचे नाव असलेल्या तुळईखालून बस जाऊन एक हात जागा उरते. अडथळा तुळईच्या खाली जोडलेल्या पाटीचा आहे. सदर पाटी आपली आहे. तरी आपले नाव काढावे, ही विनंती.'

खाली आकृती होती. बस, कमान, पाटी. पाटीत एक गोल चेहरा आणि जोडलेले हात.

ती पाटी मी नवरात्रात लावून घेतली होती. आप्पांच्या नावाखाली, कमानीच्या पूर्ण रुंदीची, कमानीच्याच रंगात, म्हणजे लांबून एकच वाटावं. डावीकडे माझा फोटो, उजवीकडे सौजन्य म्हणून माझंच नाव. मी वीतभर उंच सांगितली होती. फॅब्रिकेटर म्हणाला, वीतभरात फोटो चेपतो, गाल आडवे दिसतात. मग दीड हात केली.

आता तुम्ही विचाराल, बाई, तुम्हाला दिसलं कसं नाही. येता-जाता दिसत होतं. पण मी फोटोकडे बघत होते, पाटीकडे नाही.

मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक होतं."

"मग बोलायचं नाही का?"

"बोलायला घेतलेलं," हे म्हणाले. "तूच म्हणालीस, एक शब्द नको."

सासूबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी अर्ज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. सुपारी कातरून झाल्यावर म्हणाल्या, "मास्तरनी बरा लिवलाय. आप्पाचा नाव वर हाय, तुजा खाली. मधी गारी आरकली." आणि पुढची सुपारी घेतली.

पाटी मी गुरुवारी दुपारी काढायची ठरवली. जेवून सगळे आडवे झालेले असतात, कोणी बघणार नाही. गॅस कटरचा आवाज किती होतो हे मला माहीत नव्हतं. पाचव्या मिनिटाला अर्धा गाव कमानीखाली होता. माझ्या चेहऱ्याचा अर्धा भाग सुटून लोंबकळायला लागला तेव्हा शाळेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या नगरसेवकाच्या माणसाने व्हिडिओ काढला. तो कळव्यापासून खोपटपर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरला. माझ्या भावाने वर्तकनगरहून मलाच पाठवला.

सोमवारी बस आली. माळा नाहीत, बेंजो नाही, नारळ नाही. ड्रायव्हर तोच होता. कमानीपाशी त्याने वेग कमी केला, खिडकीतून मान बाहेर काढून वर बघितलं आणि मला म्हणाला, "हेच सांगत होतो, ताई." बस पलीकडे गेली. कर्णिकबाई कॉलनीच्या फाटकाशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांना डायलिसिसला जायचं होतं. त्या चढल्या, पहिल्या सीटवर बसल्या, आणि कंडक्टरने घंटी मारली. पुढची साडेचार वर्षं, म्हणजे असेपर्यंत, त्या त्याच बसने गेल्या-आल्या.

पुढच्या चिठ्ठीत प्रभागाचं आरक्षण बदललं, तेव्हा माझं पुढारीपण आपोआप संपलं. ह्यांचे सदरे तोवर घट्ट झाले होते. पाटीचा पत्रा आता आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे, फोटोची बाजू आत. नात वाकून अंडी काढते आणि म्हणते, आजी, तू आतून हात जोडून बघतेस. कोंबड्यांची काही तक्रार नाही.

नवीन नगरसेविका कधी सल्ला विचारायला येतात. मी दोन गोष्टी सांगते. नाव लावायचंच असेल तर बाजूच्या भिंतीवर लावा. आणि ड्रायव्हरचं वाक्य पुरं होऊ द्या.

सरांचा तो अर्ज मी जपून ठेवला आहे. कोपऱ्यात माझा शेरा आहे, 'तात्काळ कार्यवाही व्हावी.' माझ्या पाच वर्षांत हा शेरा शेकडो कागदांवर पडला असेल. तात्काळ झालेलं काम तेवढं एकच, कारण ते माझ्याच विरुद्ध होतं.