माफी, दुसऱ्या बाईच्या आवाजात

ती कादंबरी मी तीनदा वाचली होती. दोन मैत्रिणींची गोष्ट. शेवटाकडे धाकटी थोरलीची माफी मागते, ते पान तर मला तोंडपाठ. ती कादंबरी मोबाईलवर ऐकायलाही मिळते असं कळलं तेव्हा मी अक्षरशः नाचले. माझ्या मैत्रिणीला वाचायचा कंटाळा, आणि मला तिची माफी मागायची होती. चार वर्षांपूर्वी तिच्या मुलीच्या लग्नाला मी रुसून गेले नव्हते. नंतर तिने कधी विषय काढला नाही, मलाही तोंड उघडवेना. म्हटलं, आपलं काम कादंबरी करेल.

अमडापूरजवळच्या आमच्या जाळीच्या शेडनेटमध्ये बियाण्याच्या मिरचीचं क्रॉसिंग चाललं होतं. सकाळी मादी फुलाला नराचे परागकण लावायचे आणि देठाला दोरा बांधायचा; बिनदोऱ्याची मिरची बियाण्यात धरत नाहीत. ओळीच्या अलीकडे मी, पलीकडे ती, समोरासमोर. साडीवरच्या शर्टाच्या खिशात मोबाईल ठेवला आणि लावली गोष्ट.

वाचणाऱ्या बाईचा आवाज गोड होता. फारच गोड. मी वाचायचे तेव्हा थोरली कशी फणकारायची! इथे दोघी एकाच सुरात.

"माय वं, हे बाई भांडून राह्यली का पाळणा म्हणून राह्यली?" मैत्रीण म्हणाली.

मला राग आला आणि हसूही फुटलं. रोज ती त्या बाईची नक्कल करायची, पण "लाव वं लवकर" म्हणून घाईही तीच करायची. गोष्टीने तिला धरलं होतं, आणि माझा जीव नुसता उड्या मारत होता.

बाराव्या दिवशी ते पान आलं. ज्या वाक्याला मी दर वेळी थांबून डोळे पुसले, ते त्या बाईने एका दमात उरकलं!

मैत्रीण फिसकन हसली. "इले बस पकडाची हाये का वं?"

माझं डोकंच फिरलं. मोबाईल बंद केला. "असं नाही ते," म्हणाले आणि मीच ते पान म्हणायला लागले. दोन वाक्यं पुस्तकातली झाली. तिसरं माझंच निघालं. "तुह्या पोरीच्या लग्नाले मी आली नाही. चुकलंच माहं. रोज आठोते मले."

तिचे हात थांबले. समोरासमोर उभं राहून तोंड लपवणार कुठे? मधे मिरचीचं झाड, तेही कमरेएवढं. मी घाईघाईने फुलांमागून फुलं घेत सुटले, आणि एकालाही दोरा बांधला नाही.

"हे पुस्तकात हाये?"

"नाही."

तिने डोळ्यांना बाही लावली आणि उसळलीच माझ्यावर. "मंग चार वर्सं काऊन नाही बोलली? मी वाट पाहून राह्यली होती वं! आन् वरून बारा दिवस त्या बाईचं ऐकाले लावलं मले!"