कोपऱ्यातलं कोरं मशीन

"शेठ, आपल्याकडं चाललं त्याला चाललं म्हणत नाय." हे म्हणताना सर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि माझ्या सायबर कॅफेच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवायचे. "त्या कोऱ्यावर चालवून दाखवा."

मी कसला शेठ! महाडच्या बाजारात जुनी मशीनं आणि एक रडकी फोनलाइन, एवढाच माझा पसारा. सर तिथल्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, राहायला पोलादपूरला. कॉलेज सुटलं की एसटी पकडायच्या आधी माझ्याकडे यायचेच.

तुम्हीही असली माणसं पाहिली असतील, एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की लागली. रेणूंची गणितं करणारं एक अवाढव्य सॉफ्टवेअर होतं. मिळायचं फुकट, पण बसवताना माणूस रडकुंडीला यायचा. सरांची विद्यार्थिनी, वरंधची सुरेखा, मुंबईला एमएस्सीला गेली. तिला ते बसवता येईना, विचारायला कुणी नाही. शेवटी तिनं रेणूंच्या गणिताचा तो विषयच सोडला. सरांना ते फार लागलं. "रसायनात हरली असती तर समजलो असतो हो. पोरगी दारातच अडली!"

जगभरातले हौशी लोक मिळून विंडोजच्या जागी चालणारी एक फुकट लिनक्स बनवत. तिच्या सीडीवर हे सॉफ्टवेअर घालायचं, असं की एक ओळ टाइप केली की बसलं पाहिजे, हे सरांनी मनावर घेतलं. त्याला सोबत काय काय लागतं ते सगळं नेमकं लिहून, बांधून पाठवायचं. एक जरी गोष्ट राहिली तरी परक्या मशीनवर ते आडवं पडतं. आपल्या मशीनवर ती आधीच असते, म्हणून चूक दिसत नाही. म्हणून ते कोरं मशीन. दर वेळी पुसायचं, लिनक्स नव्यानं घालायची आणि त्याला सॉफ्टवेअर पहिल्यापासून पुन्हा बांधायला लावायचं. त्यात दिवस जायचा. मधेच लाइट गेली की सर "गेली वाटतं" एवढंच म्हणत, शिव्या मी द्यायचो. आणि चालल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. चहावाला त्यांना ओळखतच नव्हता!

मग सरांचे डोळे पिवळे झाले. सगळे कावीळ म्हणत होते, ती नुसती कावीळ नव्हती. मुंबईला हॉस्पिटलात न्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी ते बांधलेलं पॅकेज लिनक्सवाल्यांना पाठवलं. ते परत आलं. सॉफ्टवेअरला लागणारी गणिताची एक लायब्ररी, म्हणजे तयार फाइल, सापडत नाही, म्हणे. मी फोनवर वाचून दाखवलं.

सर मग म्हणाले, "शेठ, कोरं कोरं नव्हतं."

ती लायब्ररी माझ्या फोनलाइनवरून उतरवायला फार वेळ खायची, म्हणून पुसताना सर तेवढीच मागे ठेवायचे. आणि पुढे ते विसरूनच गेले. "सगळ्यांना सांगत फिरलो, आणि मीच!" ते हसले. ते हसणं ऐकवत नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. मी म्हटलं, लिहितो आणि देतो पाठवून.

"नाय. पुसा. सगळं पुसा."

लिनक्सच्या नव्या आवृत्तीत घालायची मुदत संपत आली होती. सरांच्या हातातही फार दिवस नाहीत, हे वहिनींनी मला सांगितलं होतं. चवदार तळ्यावर सत्याग्रहाच्या दिवसाची मार्चची गर्दी, रस्ता माणसांनी भरलेला. मी दार लोटून मशीनसमोर बसलो आणि अल्लाकडे एवढंच मागितलं, आज लाइट घालवू नकोस. दुपार कलता कलता ते चाललं. तसंच पाठवलं आणि फोन केला.

"कोऱ्यावर?" आवाज पार खोल गेला होता.

"कोऱ्यावर, सर. सगळं पुसून."

"मग चहा सांगा. माझा पण."

मी दोन चहा सांगितले. सरांचा ग्लास त्यांच्या खुर्चीपुढे ठेवला. गार झाला तरी चहावाल्याला उचलू दिला नाही.

नवी आवृत्ती निघाली तेव्हा सर नव्हते.

पावसाळा संपल्यावर सुरेखाचा फोन आला. ती आता मुंबईत रसायनशास्त्र शिकवत होती. "भाई, सर हायत का? घरचा फोन लागत नाय. अहो, ते सॉफ्टवेअर एका ओळीत बसलं! नव्या मशीनवर!"

"सर गेले गो," मी म्हटलं.

ती मग हळूच म्हणाली, "पण इथं त्या सॉफ्टवेअरच्या माहितीत त्यांचं नाव हाय, भाई. काही अडलं तर यांना विचारा, असं लिवलंय."

"मला विचार," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं.