निवळलेलं रक्त

ताप उतरला होता, गुडघ्यांची सूजही ओसरली होती, तरी जळगावचे डॉक्टर माझ्या पत्नीला अंथरुणातून उठू देईनात. ताप उतरला की दोघं पायी एदलाबादला मुक्ताईच्या दर्शनाला येऊ, असा नवस मी बोलून बसलो होतो. मुक्ताईला दिलेला शब्द मोठा की डॉक्टरचा, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. राग तेवढा होता.

युद्धाची वर्षं होती. तिला टांग्यातून दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी तिचं रक्त काचेच्या बारीक नळीत भरून नळी उभी ठेवली आणि ते दुसऱ्या रोग्याकडे गेले. मी समोर बसून राहिलो. बघता बघता लाल भाग खाली बसत गेला, वर पिवळसर नितळ पाणी उरलं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून घातली की गाळ असाच तळाला बसतो आणि मग आम्ही ते पाणी पितो. रोग खाली बसला, रक्त निवळलं, असं मी समजलो. डोळे भरून आले. तिथंच मुक्ताईला हात जोडले आणि पत्नीला घरी न्यायला टांगा बघायला निघालो.

ओट्यावर धुळ्याकडची एक म्हातारी बसली होती. आनंदाच्या भरात तिलाही सांगितलं.

“भाऊ, डाक्टरले इचारं का?” ती म्हणाली. “मन्हा पोऱ्यानं रगतबी असंच खाले बसनं व्हतं.”

“आते कसा शे तो?”

“नही शे.”

मी मागं फिरलो. डॉक्टरांनी समजावलं: अंगात दाह असला की रक्त भरभर खाली बसतं. औषधानं ताप झाकला होता, दाह गेला नव्हता, आणि सांध्यांचा हा रोग काळजाला धरतो. एवढी चालली असती तर वाचली नसती. “मुक्ताई कुठं जात नाही,” ते म्हणाले. “बाईंना झोपवून ठेवा.” बाहेर आलो तर म्हातारी निघून गेली होती.

हिवाळाभर पत्नी पडून राहिली. मी कुरकुरलो की म्हणे, “मुक्ताईनीच मले निजाडं, तुम्ही का बरं चिडतस?” पुढं एकदा नळीतलं लाल जागचं फारसं हललंच नाही. डॉक्टर हसले. त्या न निवळलेल्या रक्ताला मी मनोभावे नमस्कार केला.

मग आम्ही पायी गेलो, मुक्काम करत, सावकाश. कृपा कशी दिसावी हे मी आता ठरवत नाही. मुक्ताईनं हवं त्या तोंडून बोलावं. नैवेद्यातला एक घास त्या म्हातारीच्या पोरासाठी बाजूला काढला. त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं.