हेलनकाकूंच्या गाडीचा स्टार्टर

मोटर बसत नव्हती. गाडीखाली आडवा पडून मी तिसऱ्यांदा माप घेतलं. जागा तेवढीच, मोटरही तेवढीच. चूक सरळसरळ माझी होती.

२००४ साल. मिशिगनमध्ये जुन्या गाड्या रिस्टोअर करणाऱ्या एका गॅरेजात मी डिझाइन इंजिनीअर होतो. गाडी हेलन नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंची. सगळे त्यांना नुसतं हेलन म्हणायचे. माझी जीभ काही वळेना, म्हणून मनातल्या मनात मी काकू जोडून टाकलं होतं.

गाडी काकूंच्या वडिलांची, स्टार्टर येण्याआधीच्या काळातली. म्हणजे समोर लोखंडी हँडल घालून हातानं इंजिन फिरवायचं. इंजिननं उलटा झटका दिला की मनगट गेलंच. काकूंचं आदल्या उन्हाळ्यात गेलं होतं. मुलानं निर्वाणीचं सांगितलं होतं, सप्टेंबरपर्यंत हँडलशिवाय चालू होत नसेल तर गाडी म्युझियमला देऊन टाकायची. म्हणून आम्ही इलेक्ट्रिक स्टार्टर बसवत होतो. काकूंची अट एकच. वडिलांच्या गाडीला करवत लागता कामा नये.

इथे माझं कोल्हापूर आडवं आलं. तिथे पंधरा वर्षं मी शेतीपंपाच्या मोटरी डिझाइन केल्या. पंप एकदा चालू केला की लाइट जाईपर्यंत कोणी बंद करत नाही. मोटर जळू नये म्हणून कॉपर भरपूर, लोखंड भरपूर, बॉडी ऐसपैस. तोच हिशेब मी इथेही लावला. मोटर झाली कळशीएवढी, आणि जागा होती तांब्याएवढी.

बॉस डेव्ह म्हणाला, "चॅसी थोडी कापू. कोणाला दिसणार आहे?"

काकू तिथेच उभ्या होत्या. चिडल्या नाहीत. "मग राहू दे," म्हणाल्या. "म्युझियमवाले तरी कापणार नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सारवासारव करू लागलो, की इंजिन जड आहे, मोटर मोठीच लागते वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, बाबा चार-पाचदा हँडल मारायचे आणि दमून पायरीवर बसायचे.

"तुझी मोटर किती वेळ फिरणार आहे?"

"पाच सेकंद. फार तर दहा."

"आणि मग?"

"मग बंद."

बोललो आणि माझं मलाच उमगलं. अहो, दहा सेकंदांत मोटर तापणार कधी आणि जळणार कधी? दिवसभर पोती वाहायला हमालच लागतो, पण एक पोतं बाजूला सरकवायला तुम्ही-आम्हीही चालतो. लहान मोटरीकडून थोडा वेळ तिच्या ताकदीच्या कितीतरी पट काम घेता येतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण पंप अंगात मुरलेला.

नवी मोटर निम्म्याहून लहान केली. तिच्यावर बारीक गिअर दिला, तो मोठ्या चाकाला फिरवतो, त्यामुळे जोर वाढतो. मध्ये सायकलच्या फ्रीव्हीलसारखा क्लच टाकला, म्हणजे इंजिन सुरू झाल्यावर मोटरीला फरफटत नेणार नाही. टेबलावर दहा सेकंद चालवायची, एक मिनिट थांबायचं, असं वीस वेळा केलं. नुसती कोमट झाली. डेव्हनं विचारलं, आधीच का नाही केलंस? मी खरं ते सांगितलं, की सुचलंच नाही.

सप्टेंबरात मुलगा आला. सुरू मी करतो म्हणाला. काकूंनी त्याला बाजूला केलं, सीटवर बसल्या आणि पायानं स्विच दाबला. इंजिन घुरघुरलं आणि थांबलं. मुलगा काही बोलणार तोच काकूंनी हात वर केला. मी सांगितलं होतं तसं घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट थांबल्या. पुन्हा दाबला, आणि इंजिन सुरू झालं.

"बस," त्या मुलाला म्हणाल्या. "मी चालवते."

तो मुकाट्यानं शेजारी बसला.

तेव्हापासून कुठलंही डिझाइन हातात घेतलं की किती ताकद हवी याच्या आधी मी विचारतो, किती वेळ? हे मला एका गिऱ्हाइकानं शिकवलं. आणि चूक माझी असून जाताना थँक यू त्याच म्हणाल्या. माझं मात्र तेव्हा तोंडातच राहिलं.