फोटोतले काजवे

पिकल्या करवंदांचा वास आला की मला आंदर मावळातलं एक अंगण आठवतं. आकाशाचा फोटो दिला की ताऱ्यांच्या ठेवणीवरून तो आकाशाचा कुठला भाग आहे ते सांगणारा प्रोग्राम मी तेव्हा लिहीत होतो, कुणालाही, कुठल्याही कंप्युटरवर फुकट चालावा म्हणून. त्या अंगणातून काढलेला फोटो मात्र त्याला विंडोजवर ओळखता येईना, लिनक्सवरही येईना. वैतागून मी त्याला गाढव म्हणालो, तशा मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरच्या मावशी पडद्यावर वाकल्या. “आरं, हे खालचं तारं न्हाईत, झाडावरचं काजवं हायेत.” मी कपाळावर हात मारला, तर म्हणाल्या, “त्याला कशाला बोलतुस? त्यानं काजवं कवा बगितलं?” हल्ली कुणी ‘तुमचा प्रोग्राम चुकतोय’ असं चिडून कळवलं की मी तो फोटो मागवून घेतो आणि आधी त्यात काजवे शोधतो.