काविळीच्या साथीतली बेपत्ता सून

रत्नागिरीत फौजदार असताना हाताळलेल्या कितीतरी गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. ही तक्रार मात्र जशीच्या तशी आठवते. तिच्यात शेवटी गुन्हा असा निघालाच नाही, म्हणूनही असेल.

ऐंशीच्या दशकातला एक पावसाळा. आमच्या हद्दीतल्या एका आतल्या गावात काविळीची साथ पसरली होती. आरोग्य खात्याचं पथक रोज फिरत होतं. विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकायची, पाणी उकळून प्या म्हणून घरोघर सांगायचं, आणि गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की तिला जीपमधून थेट जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं. ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतते, असं पथकाचे डॉक्टर सांगत. बंदोबस्ताला माझा एक हवालदार त्यांच्यासोबत असे.

अशात मुंबईला गोदीत काम करणारा एक तरुण ठाण्यावर आला. बायको गरोदर, तिला कावीळ झाल्याचं कळून तो धावत गावी आला होता. ती घरात नव्हती, दवाखान्यात नव्हती, माहेरीही नव्हती.

"आई काय म्हणते?" मी विचारलं.

"काय बोलतच नाय, साहेब." त्याने मान खाली घातली. "दोघींचं पटायचं नाय. माज्या मनात नको नको ते येतंय."

मिसिंगची तक्रार दाखल करून घेतली. बायकांना जबाबासाठी ठाण्यावर आणायचं नाही हा नियम, म्हणून मीच त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. सासू पन्नाशीची, विधवा. हवालदाराने दरडावून पाहिलं. ती जमिनीकडे बघत गप्प राहिली. घराची झडती घेतली. चुलीवर पाणी उकळत होतं, गाळलेल्या पाण्याच्या कळशीवर स्वच्छ फडकं बांधलं होतं. पथकाने सांगितलेलं सगळं या बाईने पाळलं होतं. मग, शेजारी सांगत होते तसं, पथकाची जीप न्यायला दारात आली नेमकी त्याच दिवशी सून कशी दिसेनाशी झाली?

खबर मिळाली ती एसटी स्टँडवर सासूबद्दल चौकशी करताना, एका कंडक्टरकडून. "ती मावशी? ती पावस गावच्या गाडीला असते की, कळशी घेऊन! मी म्हटलं, एवढा पाऊस कोसळतोय नि तुम्ही पाणी कसलं नेताय? तर म्हणाली, उकळलेलं हाय, धक्का लावू नको."

मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. या वेळी हवालदाराला बाहेर थांबवलं आणि हळू आवाजात विचारलं, "मावशी, पावसला कोणासाठी पाणी नेता?"

तिचा बांध फुटला. "साहेब, शेजारची पोर त्या जिपीतनं गेली, सोबत कोनाला चढू दिलं नाय. नदीला पूर आला, घरचं कोन तिच्यापर्यंत पोचलं नाय. तकडं एकटीच मेली ती. तोंडात पानी घालायला आपलं मानूस नव्हतं. माजी सून तशी नाय जायाची."

"मुलाला तरी सांगायचं."

"त्यानं लगेच जिपीत घातली असती."

पावसला तिची बहीण आणि मेहुणा एका आंब्याच्या बागेत राखणीला होते. डॉक्टरांना सोबत घेऊन आम्ही तिथे पोहोचलो. खोपीत सून पडून होती. डोळे हळदीसारखे, आणि भर दुपारी ग्लानी. मधूनच "आत्ये, आत्ये" म्हणून सासूला हाक मारत होती. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आता वेळ घालवू नका," ते मला म्हणाले.

सासू दार अडवून उभी राहिली. तिला बाजूला सारणं अवघड नव्हतं. अधिकारही होता. मी जोत्यावर बसलो.

"मावशी, ती जगेलच असं मी सांगू शकत नाही. पण तिला एकटी ठेवणार नाही. तुम्ही जीपमध्ये बसायचं आणि तिच्या उशाशी राहायचं."

"तुमचा शब्द हाय?"

"माझाही आहे," डॉक्टर मागून म्हणाले.

जीपमध्ये तिने सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि खड्डा आला की आपल्या हाताने ते सावरत राहिली.

मुलगा वॉर्डाच्या दारात आला, तेव्हा ती सुनेचं तोंड ओल्या फडक्याने पुसत होती. तो दारातच खिळला. तिने वर पाहिलं. "उभा काय ऱ्हायलास? पाय चेप तिचे."

पुढचे काही दिवस काळजीत गेले. मग सुनेची ग्लानी उतरली, ती पेज मागू लागली. काही आठवड्यांनी तिला मुलगी झाली. अपुऱ्या दिवसांची, एवढीशी, पण आवाज खणखणीत.

डॉक्टरांनी वरिष्ठांशी बोलून पेशंटबरोबर घरचं एक माणूस नेण्याची परवानगी मिळवली. हे सांगायला पथकाबरोबर सासू स्वतः वाडीत फिरली. "आमच्याकडे कोनी आजारी नाय" म्हणणाऱ्या घरांतून त्या दिवशी माणसं आपापल्या आजाऱ्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आली. माझ्या हवालदाराला काठी उचलावी लागली नाही.

गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतो, असं पोलीस नोकरीत शिकलो होतो. तो कोणाला तरी जपतही असू शकतो, हे मला त्या मावशींनी शिकवलं. पुढे निवृत्तीपर्यंत कोणी जबाबात गप्प बसलं, की मी आधी हवालदाराला बाहेर पाठवायचो.