काळ्या चौकटीतली लेखिका

विदोसावाच्या छपाईच्या दुकानात गावातला प्रत्येक माणूस एकदा तरी यायचाच. जिवंतपणी झेरॉक्स काढायला आला नाही, तर मेल्यावर काळ्या चौकटीत. मोरावा नदीकाठच्या त्या गावात कुणी गेलं की निधनाचं पत्रक तीच जुळवायची: फोटो, नाव, वय, अंत्ययात्रेची वेळ आणि खाली शोक करणाऱ्यांची नावं. ती पत्रकं मग विजेच्या खांबांवर आणि गेलेल्याच्या फाटकावर लागायची. या कामाचा तिला इतका सराव होता की शेजारी उघडं ठेवलेलं पुस्तकही चालूच असायचं.

ते पुस्तक बहुतेक वेळा यावोर्का स्तेपिचचं असे. यावोर्का गावच्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि भुताखेतांच्या रहस्यकथा लिहायची. तिचा फौजदार ग्वोझ्देन खुनांचा तपास करी, आणि त्याची मेलेली पेरुनिका मावशी त्याच्या कानात बोले. बोले कसली, सालटं काढी! "अरे गाढवा, मेलेली मी आहे, डोकं तुझं का बंद पडलंय?" हे वाक्य तर गावात बाजारातसुद्धा ऐकू यायचं. नवऱ्याच्या लांबलेल्या आजारपणात विदोसावाला कुणी हसवलं असेल, तर या मावशीनं.

आणि सहाव्या पुस्तकात मावशी गप्प झाली. सुरुवातीला दोन-चार वाक्यं बोलली, मग नाही ते नाहीच. ग्वोझ्देन हाका मारत राहतो, उत्तर येत नाही, खुनीही धड सापडत नाही आणि पुस्तक संपतं.

वाचनालयातल्या मंडळींत दोन तट पडले.

"मला हेच सगळ्यात आवडलं," निवृत्त पोस्टमन मिलोये म्हणाला. "पहिल्यांदाच तो फौजदार स्वतःच्या अकलेनं चालला."

"शेवटची हाक वाचताना मी रडले बाई," केस कापणारी स्मिल्याना म्हणाली. "का, ते नाही सांगता येत."

"रडा, रडा!" विदोसावा उसळली. "अहो, फसवलंय तिनं आपल्याला. मावशीच नाही तर वाचायचं काय, फौजदाराच्या मिशा?"

"मेलेलीच होती की गं ती."

"मग दुसऱ्यांदा मारली!"

तो राग तिच्या पोटात मावेना. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि तिचे हात शिवशिवले. तिनं चौकट घेतली, पुस्तकाच्या पाठीवरचा यावोर्काचा फोटो घेतला आणि जुळवलं: 'यावोर्का स्तेपिच, लेखिका, सहाव्या पुस्तकाच्या वयात आपल्यातून गेली. निरोप गुरुवारी संध्याकाळी, वाचनालयात. शोकाकुल: फसलेले वाचक.' स्वतःशीच हसत तिनं एक पत्रक वाचनालयाच्या दारावर चिकटवलं आणि परत येताना, हाताला सवयच म्हणून, एक बेकरीसमोरच्या खांबावर.

खांबावरचं पत्रक कुणी वाचत नाही. फोटो बघतात, नाव बघतात, छातीवर क्रूसाची खूण करतात आणि पुढे जातात. हे विदोसावाला ठाऊक नव्हतं तर कुणाला ठाऊक असणार?

संध्याकाळी मिलोये धापा टाकत दुकानात शिरला. "विदो, काय करून बसलीस हे! गावातल्या बाया कॉफी आणि साखर घेऊन स्तेपिचांच्या घरी सांत्वनाला गेल्या. यावोर्का शाळेत होती. दार उघडलं तिच्या आईनं. आता म्हातारी काळा रुमाल बांधून बसलीय."

"अरे पण पोरगी घरी आल्यावर दिसली असेल ना तिला?"

"दिसून काय उपयोग? वर्ष झालं, तिची आई, स्तानोयलाबाई, तिला ओळखतच नाहीत. कामाला ठेवलेली बाई समजतात. यावोर्कानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."

विदोसावानं धावत जाऊन पत्रकं फाडली, पण आता त्याला काय अर्थ होता! दुसऱ्या दिवशी ती माफी मागायला निघाली. रिकाम्या हातानं जाणं बरं नव्हतं, आणि कॉफी न्यायची तर सांत्वनाला गेल्यासारखं झालं असतं. शेवटी तिनं मुरंब्याची बरणी उचलली.

दार यावोर्कानं उघडलं. विदोसावाला रडूच फुटलं. "झडोत गं माझे हात! मला माहीत असतं तर..."

"ये आत," यावोर्का थकल्या आवाजात म्हणाली. "पुस्तक फसलंय, हे काही तू खोटं लिहिलं नाहीस. पण मावशीची वाक्यं मी कधी रचलीच नव्हती, विदो. आई बोलायची, मी उतरवून घ्यायची. ती बोलायची थांबली. मी हाका मारत राहिले. तेवढंच लिहिता आलं."

विदोसावाला वाटलं, हिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर सोसलं असतं. टेबलावर साखरेचे पुडे रचून ठेवले होते. त्यांच्यामागे म्हातारी काळ्या रुमालात ताठ बसली होती. ती विदोसावाकडे टक लावून बघत राहिली.

"पत्रकं छापणारी तूच ना गं?"

"हो, काकू."

"मग आईचं नाव कुठंय? कुठले कोण वाचक घातलेस! माझी पोरगी काय झाडावरून पडली होती? मेलेली ती आहे, डोकं तुझं का बंद पडलंय?"

चुलीपाशी यावोर्काच्या हातातला डाव तसाच राहिला. वर्षभरात आई एवढं बोलली नव्हती. यावोर्का हसली, आणि हसताहसताच तिनं तोंडावर हातपुसणं दाबलं.

"छापून दे तिला," ती म्हणाली. "तिचं नाव पहिलं घालून."

"यावोर्का, हे नको सांगूस मला."

"माझ्यासाठी ती पहिल्यांदाच भांडतेय, विदो. छाप."

विदोसावानं दुकानात जाऊन छापून आणलं. साधी अक्षरं, पण बोटं चुकत होती. पत्रक हातात येताच म्हातारीनं फोटोचं चुंबन घेतलं, आणि खऱ्या यावोर्काला म्हणाली, "बाई, पाहुणीला ग्लास दे."

मयताच्या घरी पिण्याआधी एक थेंब जमिनीवर सांडायचा असतो आणि गेलेल्याला देवानं क्षमा करावी म्हणून दोन शब्द म्हणायचे असतात. यावोर्कानं आलुबुखाराच्या दारूचा ग्लास भरून पुढे धरला. म्हातारी वाट बघत होती.

"म्हण की गं," ती म्हणाली.

विदोसावानं थेंब सांडला. यावोर्काच्या डोळ्यांत बघायचं तिला धाडस होईना, तरी बघितलं.

"देव क्षमा करो," ती म्हणाली. कुणाला, ते तिनं सांगितलं नाही.